‘डोळ्यांसमोर आणा’ म्हटलं आणि काहीच आलं नाही, तर?



आजचा धडा जरा वेगळा आहे. जीएसटी नाही, उधारी वसुली नाही, दिवाळीचा स्टॉकही नाही. आज आपल्या डोक्याच्या आत काय चालतं आणि त्याचा धंद्याशी काय संबंध आहे, ते बघू. व्हिडिओत हा विषय घाईत उरकावा लागला, म्हणून राहिलेलं इथे सविस्तर लिहिते. व्हिडिओ बघितला नसेल तरी काही बिघडत नाही.

आधी एक छोटा प्रयोग करा. तुम्ही नेहमी जाता असं एखादं दुकान आठवा. किराणा, मेडिकल, कुठलंही. समजा तुम्ही रस्त्याच्या पलीकडे उभे आहात. दुकानाची पाटी दिसते का? बाहेर काय मांडलंय, कुठल्या रंगाचं आहे? शटर कसं आहे? आता आत जा. काउंटरवरचा माणूस तुम्हाला सामान देतोय, तुम्ही पैसे देताय. हे सगळं मनात कितपत स्पष्ट दिसलं?

माझ्या बॅचमध्ये हा प्रश्न विचारला की तीन प्रकारची उत्तरं येतात. काही जण म्हणतात, “मॅडम, एकदम सिनेमासारखं!” बरेच जण म्हणतात, “धूसर दिसतं, येतं आणि जातं.” आणि मागच्या बाकावरून एखादाच हळू आवाजात म्हणतो, “मला दुकान माहीत आहे. पाटीवर काय लिहिलंय तेही सांगतो. पण दिसत काहीच नाही.”

हा धडा त्या तिसऱ्या उत्तरवाल्यांसाठी आहे. मीही त्यांच्यातलीच आहे. आणि पहिल्या दोन प्रकारच्या लोकांनीही वाचा, कारण तिसऱ्या प्रकारचं गिऱ्हाईक तुमच्या दुकानाची पायरी नक्की चढत असणार.

याला म्हणतात काय?

वरचा प्रयोग मी मनाने रचलेला नाही. डेव्हिड मार्क्स नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७३ साली एक प्रश्नावली तयार केली. त्यात १६ प्रश्न आहेत. चार ओळखीच्या माणसाबद्दल, चार उगवत्या सूर्याबद्दल, चार झाडं-डोंगर-तळं अशा देखाव्याबद्दल, आणि चार चक्क नेहमीच्या दुकानाबद्दल! प्रत्येक प्रश्नाला १ ते ५ गुण. प्रत्यक्ष बघितल्यासारखं दिसलं तर ५, काहीच दिसलं नाही तर १. म्हणजे सगळ्यात जास्त ८० आणि सगळ्यात कमी १६.

माणसामाणसांत असा फरक असतो हे मात्र त्याच्याही खूप आधी लक्षात आलं होतं. १८८० साली इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टन यांनी लोकांना विचारलं, सकाळचं नाश्त्याचं टेबल आठवा, ते मनात किती स्पष्ट दिसतं? त्यांनी सुरुवात ओळखीच्या शास्त्रज्ञांपासून केली, आणि त्यातल्या बऱ्याच जणांना ‘मनात चित्र दिसणं’ ही भानगडच कळेना. त्यांना वाटत होतं, लोक हे नुसतं बोलण्यापुरतं म्हणतात.

पुढे कितीतरी वर्षं हा विषय मागे पडला. मग मेंदूविकारतज्ज्ञ ॲडम झेमन यांच्याकडे एक पेशंट आला. ६५ वर्षांचे निवृत्त सर्व्हेअर. हृदयावरच्या उपचारानंतर त्यांच्या मनातली चित्रं अचानक बंद झाली होती. २०१० मध्ये त्यांच्याबद्दल लिहिलं गेलं, ते वाचून काही लोकांनी कळवलं की आम्हाला तर जन्मापासून असंच आहे. त्यातल्या २१ जणांचा अभ्यास करून झेमन आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली या गोष्टीला नाव दिलं, अफँटेशिया. ग्रीक भाषेत ‘फँटेशिया’ म्हणजे मनातली प्रतिमा, आणि पुढे ‘अ’ लावला की ती नसणं. आपल्या ‘ज्ञान-अज्ञान’सारखंच.

असे लोक किती? २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ज्यांना अजिबात चित्र दिसत नाही असे सुमारे ०.८ टक्के, आणि अगदी अंधुक दिसणारे धरून सुमारे ३.९ टक्के लोक आढळले. तो अभ्यास काही आपल्या गावातला नाही, पण हिशोबाला आकडा धरा. दिवसाला ५० गिऱ्हाइकं येत असतील तर त्यात साधारण दोन जण असे निघू शकतात.

हे सोंग नाही आणि आळसही नाही

“अगं, नीट प्रयत्न कर, दिसेल!” हे वाक्य मी शंभर वेळा ऐकलंय. म्हणून हे सांगणं गरजेचं आहे.

आपण उजेडाकडे बघितलं की डोळ्यातली बाहुली लहान होते. बहुतेक लोकांमध्ये उजळ आकाराची नुसती कल्पना केली तरी ती थोडी लहान होते. सिडनीच्या संशोधकांनी २०२२ मध्ये हे अफँटेशिया असलेल्या लोकांवर तपासलं. खरा उजेड बघताना त्यांची बाहुली इतरांसारखीच लहान झाली, पण कल्पना करताना तसा फरक दिसला नाही. म्हणजे माणूस खरं बोलतोय हे त्याच्या डोळ्यानेच सांगितलं.

आणखी दोन गैरसमज लगेच काढून टाकू. पहिला, हा आजार आहे. जन्मापासून असेल तर हा आजार नाही, माणसामाणसांतला फरक आहे. काही डावखुरे असतात, तसंच. पण झेमन यांच्या त्या पेशंटसारखं एखाद्याला आधी दिसत होतं आणि डोक्याला मार लागल्यावर किंवा आजारपणानंतर अचानक बंद झालं, तर मात्र डॉक्टरांना दाखवा. तिथे घरगुती उपाय करत बसू नका.

दुसरा गैरसमज, अशा माणसाकडे कल्पकता नसते. याचं उत्तर एका मोठ्या कंपनीत आहे.

पिक्सारचे एड कॅटमल

‘टॉय स्टोरी’ सिनेमा तुम्ही किंवा तुमच्या मुलांनी बघितला असेल. १९९५ साली आलेला, पूर्णपणे कॉम्प्युटरवर बनवलेला तो पहिला मोठा सिनेमा. तो बनवणाऱ्या पिक्सार कंपनीच्या संस्थापकांपैकी एक म्हणजे एड कॅटमल. आयुष्य चित्रांच्या धंद्यात गेलं, आणि त्यांना स्वतःला मनात चित्र दिसत नाही! ध्यान करताना मनात एक गोल आणायचा होता, तो काही केल्या येईना, तेव्हा त्यांना हे उमगलं.

मग त्यांनी आपल्या लोकांमध्ये चौकशी केली. डिस्नेच्या ‘लिटिल मर्मेड’मधल्या एरियलला पडद्यावर उभं करणारे नावाजलेले चित्रकार ग्लेन कीन यांनाही मनात चित्र दिसत नाही, हे कळलं. मग ते काढतात कसं? कागदावर रेघा मारत मारत. आधी मनात पूर्ण चित्र आणि मग कागदावर उतरवणं, असं त्यांच्या बाबतीत होत नाही. कागदावरच चित्र सापडत जातं.

मंडळी, आजच्या धड्याचं सार इथे आहे. मनात दिसत नसेल तर बाहेर मांडा. कागदावर मांडा, भिंतीवर मांडा, रॅकवर मांडा. चित्र डोक्यातच तयार व्हायला पाहिजे असा कुठे नियम आहे?

हे मी एवढं जोर देऊन का सांगते? आमच्या क्षेत्रात एक फॅशन आहे. ट्रेनर म्हणतो, “डोळे मिटा, पाच वर्षांनंतरचं तुमचं शोरूम बघा. जे डोळ्यांसमोर आणू शकत नाही, ते मिळवू शकत नाही.” एका बॅचनंतर मसाले करणाऱ्या एक ताई माझ्याकडे आल्या. वयाने माझ्यापेक्षा मोठ्या. महिन्याला दोनशे किलो माल स्वतः कुटून घेऊन विकतात. त्या म्हणाल्या, “मॅडम, मागच्या एका शिबिरात सगळ्यांना काय काय दिसलं, मला नुसता अंधार. माझा धंदा इथपर्यंतच का मग?” त्या मशीनसाठी कर्जाचा अर्ज करणार होत्या, आणि त्या एका वाक्यामुळे तो चार महिने तसाच पडून होता.

दोनशे किलोचा हिशोब बोटांवर असणारी बाई! डोळे मिटल्यावर दिसलं नाही म्हणून मागे थांबली. असं कोणाचंही होऊ नये.

माझ्या दुकानातल्या सहा सवयी

माझं दुकान पडदे आणि सोफ्याच्या कापडाचं आहे. गिऱ्हाईक पहिला प्रश्नच विचारतं, “हे आमच्या हॉलमध्ये कसं दिसेल?” आणि मला तर दिसत नाही! तरी दुकान चालतं, चांगलं चालतं. कसं ते सांगते. तुमचा धंदा दुसरा असेल तर त्याप्रमाणे बदलून घ्या.

१. अंदाज नको, माप घ्या. खिडकी ६ फूट रुंद आहे, म्हणजे ७२ इंच. चुण्या छान पडायला कापड दुप्पट लागतं, १४४ इंच. कापडाचा पन्हा ४८ इंच, म्हणजे तीन पन्हे. पडद्याची उंची ७ फूट, म्हणजे ८४ इंच, त्यात वरच्या आणि खालच्या दुमडीचे १२ इंच, झाले ९६. तीन गुणिले ९६ म्हणजे २८८ इंच, साधारण ७.३ मीटर. आपण साडेसात मीटर कापतो. मोठं डिझाइन असेल तर जुळवणीसाठी जास्त धरतो. हा हिशोब आमच्याकडे काउंटरवर चिकटवलेला आहे. मी नसले तरी कामाला असलेली मुलगी तो करू शकते. मनात पडदा बघून कापड सांगणाऱ्या अनुभवी माणसाचं कौतुकच आहे, पण तो सुट्टीवर गेला की दुकान अडतं.

२. नमुना लटकवा. छोट्या चौकोनी तुकड्यावरून पडदा कळत नाही. खपणाऱ्या कापडांचे मीटरभराचे तुकडे आम्ही मास्तरांकडून वर रिंगा लावून शिवून घेतलेत. गिऱ्हाईक थोडं डिपॉझिट ठेवून दोन दिवस घरी नेतं. सकाळच्या उन्हात बघतं, रात्री ट्यूबलाइटमध्ये बघतं, आणि घरात सगळ्यांना दाखवून येतं. “शिवून झाल्यावर आवडलं नाही” ही कटकट यामुळे फार कमी झाली आहे.

३. प्रत्येक कामाचे तीन फोटो. आधीची रिकामी खिडकी, नमुना लावलेली खिडकी, आणि काम झाल्यावरची. घरच्यांना विचारून, त्यांच्या खासगी वस्तू दिसणार नाहीत असे. फोनमध्ये रंगाप्रमाणे अल्बम केलेत. “मोरपंखी कसा दिसेल?” विचारलं की बोलत बसायचं नाही, मोरपंखीचा अल्बम उघडून समोर धरायचा.

४. रॅकला नंबर. अ-१, अ-२, ब-१. प्रत्येक ताग्याला चिठ्ठी, आणि वहीत तोच नंबर. इथे एक गमतीची गोष्ट सांगते. शिकागोच्या एका अभ्यासात लोकांना खोल्यांचे फोटो दाखवून नंतर आठवणीतून ते काढायला सांगितलं. अफँटेशियावाल्यांनी वस्तू कमी काढल्या, रंगही कमी वापरले. पण काढलेल्या वस्तूंची जागा आणि आकार इतरांइतकेच बरोबर होते, आणि फोटोत नसलेल्या वस्तू मनाने घुसवण्याच्या चुका त्यांच्याकडून कमी झाल्या. मला हे वाचून फार बरं वाटलं. मला ताग्यावरची फुलं दिसत नाहीत, पण तो तागा ब-४ मध्ये खालून तिसरा आहे हे मी झोपेतून उठवलं तरी सांगेन!

५. चेहऱ्याला वहीची जोड. अफँटेशिया असलेल्या काहींना, सगळ्यांना नाही, चेहरे लक्षात ठेवायलाही अवघड जातं. मला जातं. म्हणून गिऱ्हाइकाची वही. नाव, गाव, खिडक्यांची मापं, कापडाचा नंबर, आणि एक ओळखीची खूण, जसं की ‘मुलगी यंदा दहावीला’. फोन आला की आधी वही उघडायची. पुढच्या वेळी “काकू, दहावीचा निकाल लागला का?” विचारलं की त्या माणसाला जे वाटतं, ते जाहिरातीने विकत मिळत नाही.

६. ध्येय वाक्यात आणि आकड्यात लिहा. शोरूम दिसत नसेल तर लिहा. शेजारचा गाळा घ्यायचा आहे. डिपॉझिट किती, भाडं किती, त्यासाठी महिन्याला किती बाजूला टाकायचे, आणि कोणत्या महिन्यापर्यंत. हा कागद गल्ल्याच्या आत चिकटवा. दर शनिवारी किती जमले ते त्याच्यावरच लिहा. त्या मसालेवाल्या ताईंसोबत मी हेच केलं. मशीनची किंमत, हप्ता, आणि हप्ता फेडायला महिन्याला किती किलो जास्त विकावे लागतील, एवढं एका पानावर. त्या पान बघून म्हणाल्या, “एवढंच होय? हे तर मला कळतं.” अर्ज त्याच आठवड्यात गेला.

गिऱ्हाईक असं असेल तर कसं ओळखाल?

दहा कॅटलॉग बघून “काही सुचत नाही हो” म्हणणारं गिऱ्हाईक असतं ना? आपण पाठीमागे म्हणतो, यांना घ्यायचंच नव्हतं. प्रत्येक वेळी तसं नसतं. थेट विचारू नका, वेगळं वाटेल. एवढंच म्हणा, “लावून दाखवू का, की सांगू?” उत्तर तुम्हाला आपोआप मिळेल.

सिडनीच्याच संशोधकांनी २०२१ मध्ये आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. अंधाऱ्या खोलीत लोकांना भीतीदायक गोष्टी वाचायला दिल्या आणि त्वचेवरच्या बारीक बदलांवरून भीती मोजली. इतरांची भीती वाढत गेली, अफँटेशियावाल्यांची जवळपास नाहीच. पण भीतीदायक फोटो दाखवले तेव्हा दोघांचा प्रतिसाद सारखाच. धंद्यासाठी मी यातून घेतलेला अर्थ असा, की “विचार करा, संध्याकाळची वेळ, वाऱ्यावर हलणारा पडदा” हे वर्णन काहींच्या कानावरून जातं. पण समोर लावलेला पडदा त्यांनाही तेवढाच भिडतो.

कामगारांनाही हेच लागू. “मागच्या वेळी पाटीलांकडे केलं होतं तसं कर” असं सांगू नका. फोटो पाठवा, माप लिहून द्या.

शेवटी, घरची एक गोष्ट

दुकान अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी सुरू केलं. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. लोक मायेने म्हणतात, “अजून डोळ्यांसमोर येत असतील ना गं?” मी ‘हो’ म्हणते, कारण काउंटरवर उभं राहून कुणाकुणाला समजावणार? खरं म्हणजे येत नाहीत. नाकाच्या डाव्या बाजूला तीळ होता, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली असायची, हे मला पाठ आहे. पण चेहरा उभा राहत नाही. अफँटेशिया असलेल्या बऱ्याच जणांना स्वप्नात मात्र चित्रं दिसतात. मलाही कधीतरी दिसतात, आणि त्यात एखाद्या वेळी अण्णा कापड मोजताना असतात. जाग आली की ते जातात.

माझ्याकडे त्यांच्या जुन्या वह्या आहेत, त्यांचं तिरकं अक्षर आहे, आणि फोनमध्ये चाळीस सेकंदांचा एक व्हिडिओ आहे. भाचीने सहज म्हणून काढलेला. त्यात ते मीटरपट्टीने कापड मोजतायत आणि आकडे मोठ्याने म्हणतायत. दुकानातल्या कुठल्याही मालापेक्षा मला तो व्हिडिओ महाग आहे.

म्हणून ज्यांना माझ्यासारखं काही दिसत नाही त्यांना सांगते. आपल्या माणसांचे फोटो काढा, पण लग्नात ओळीने उभं करून काढलेल्या फोटोंवर थांबू नका. काम करताना, बोलताना, हिशोब करताना व्हिडिओ काढा. दोन ठिकाणी साठवून ठेवा. “नंतर काढू” म्हणू नका.

या आठवड्याचा गृहपाठ

१. वरचा दुकानाचा प्रयोग घरातल्या तीन आणि कामावरच्या दोन माणसांवर करा. कोणालाही हसू नका.

२. तुमच्या धंद्यातली जी गोष्ट फक्त तुमच्या डोक्यात आहे, ती एका पानावर उतरवा. भाव, माप, मालाची जागा, काहीही.

३. गिऱ्हाइकाला आजवर तोंडाने वर्णन करून सांगत होतात अशी एक वस्तू निवडा, आणि तिचा हातात देता येईल असा नमुना तयार ठेवा.

४. घरातल्या मोठ्या माणसाचा काम करतानाचा एक मिनिटाचा व्हिडिओ काढा. हा गृहपाठ आजच करायचा आहे.

पुढच्या व्हिडिओत गिऱ्हाइकाची वही कशी आखायची ते दाखवणार आहे, रकान्यांसकट. एक कोरी दोनशे पानी वही आणून ठेवा. भेटूच!